दया, दान आणि घेणाऱ्याचा वाटा

बंगळूरहून होसूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की तमिळनाडूची सीमा लागण्यापूर्वी आनेकल तालुका लागतो. नाचणीची शेते, तळी आणि रेशमाचे माग यांचा हा मुलूख आता बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या औद्योगिक वसाहतींच्या नावांनी अधिक ओळखला जातो. सरकारी नोकरीच्या निमित्ताने या भागाशी माझा काही वर्षे निकटचा संबंध आला. ऐन चैत्रात, रामनवमीच्या दिवशी, येथील चौकाचौकांत लहानसे मांडव पडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पानक, कोसंबरी व ताक वाटले जाते. पानक म्हणजे वेलदोडा आणि सुंठ घातलेले गुळाचे पाणी. कोसंबरी म्हणजे भिजवलेली मुगाची डाळ, काकडी आणि ओले खोबरे. मोटारीतून जाणारा कारखानदार काच खाली करून पेला घेतो आणि मालमोटारीचा चालकही खाली उतरून घेतो. कोणी कोणाची परिस्थिती विचारीत नाही, आणि घेणाराही उपकाराचे शब्द बोलत नाही. पेला रिकामा केला की तो आपल्या वाटेने जातो.

या देण्याला दान म्हणावे काय? आणि दयेचा तर येथे मागमूसही दिसत नाही. कारखानदाराची दया कोण करणार? तरीही उन्हाने घसा कोरडा पडलेल्या माणसाला पाणी मिळते, ही गोष्ट खरीच. दया आणि दान हे दोन शब्द आपण नेहमी जोडीने उच्चारतो, जणू एक बीज आणि दुसरे त्याचे फळ. प्रत्यक्षात या दोघांचे नाते इतके सरळ नाही. दयेवाचून दान होऊ शकते, दानावाचून दया राहू शकते, आणि दोन्ही एकत्र आली तरी घेणाऱ्याचे भले होतेच असे नाही.

आपल्या भाषेने याचा बारकाईने विचार केलेला आहे. मराठीत भीक 'घालतात', भिक्षा मात्र 'वाढतात'. दान 'करतात', दक्षिणा 'देतात', देणगी 'जाहीर करतात' आणि वर्गणी 'भरतात'. भीक घालणारा हात वरून खाली येतो; वाढणारा हात पंगतीतल्या माणसाच्या पानाशी जातो. एकच मूठभर धान्य, पण क्रियापद बदलले की घेणाऱ्याची जागा बदलते. तसेच 'दया' आणि 'कीव' यांचे. दोन्ही शब्दांत दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव आहे. परंतु 'मला तुझी कीव येते' असे कोणी म्हटले, तर ऐकणारा कृतज्ञ होत नाही, दुखावतो. माधुकरी मागून शिकलेल्या मागच्या पिढ्यांतील विद्वानांनी ते दिवस पुढे अभिमानाने सांगितले. भीक मागून शिकलो असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

'दया' शब्दाचे मूळ पाहू गेल्यास मोठे विलक्षण दृश्य दिसते. संस्कृत वैयाकरणांनी 'दय्' या धातूचे जे अर्थ नोंदविले, त्यांत देणे आहे, रक्षण करणे आहे, जाणे आहे. पण त्याच ओळीत हिंसा करणे आणि घेणे हेही आहे. देणे, राखणे, दुखावणे आणि घेणे ही सगळी एकाच धातूच्या पोटी! वैयाकरणांनी नीतीचा उपदेश करण्यासाठी ही यादी केली नसेल. भाषेत जे प्रयोग आढळले ते त्यांनी नोंदविले. वेदात हाच धातू वाटून देणे, वाटा करणे या अर्थाने आलेला आहे. म्हणजे हृदयाला पाझर फुटणे हा दयेचा अर्थ पुढचा. आधी ती वाटणी होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील विवेचनात तिच्याकडे पुन्हा वळावयाचे आहे.

बृहदारण्यक उपनिषदात प्रजापतीची एक कथा आहे. देव, मनुष्य आणि असुर हे तिघेही त्याच्याकडे उपदेश मागावयास गेले. प्रजापतीने तिघांनाही एकच अक्षर सांगितले : 'द'. देवांनी त्याचा अर्थ घेतला, इंद्रियांचे दमन करा. मनुष्यांनी घेतला, दान करा. असुरांनी घेतला, दया करा. प्रत्येकाने आपापले वैगुण्य ओळखून अर्थ लावला आणि प्रजापतीने तिघांनाही मान्यता दिली. येथे लक्षात घेण्याजोगे हे, की दयेचा उपदेश माणसाच्या वाट्याला आलेला नाही, तो असुरांच्या वाट्याला आला. माणसाला दया येतच असते. त्याची अडचण ही, की मूठ उघडत नाही. दया शिकावी लागते ती ज्याच्या हाती बळ आहे त्याला. शंकराचार्यांनी भाष्यात सुचविले आहे, की देव आणि असुर अन्यत्र शोधावयास नकोत, ते माणसांतच आहेत. सरकारी अधिकाऱ्याने आपण यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो, याचा विचार एकान्तात करावा.

दान कसे करावे याविषयी आपल्या ग्रंथांत पुष्कळ सांगितलेले आहे, आणि त्यांतील बरेचसे पात्रापात्रतेच्या चर्चेत खर्ची पडले आहे. मला त्यांतील दोनच गोष्टी मोलाच्या वाटतात. तैत्तिरीय उपनिषदात घरी निघालेल्या शिष्याला गुरू सांगतात, की श्रद्धेने दे, तसेच लाजेने दे आणि भीतीनेही दे. देणाऱ्याने लाजावयाचे? आणि भीती कशाची? मला याचा अर्थ असा वाटतो, की देताना दुसऱ्याची मान आपल्या हातात येते. ती सांभाळणे हे जोखमीचे काम आहे, आणि ज्याला त्या जोखमीचे भय वाटत नाही त्याने देण्याच्या भानगडीत पडू नये. दुसरी गोष्ट गीतेच्या सतराव्या अध्यायातील. तेथे दानाचे तीन प्रकार केले असून, सत्काराशिवाय आणि अवज्ञेने दिलेल्या दानाला तामस म्हटले आहे. मोजमाप रकमेचे नाही; तुच्छतेने लाख दिले तरी ते तामसच. दूर इजिप्तमध्ये राहणाऱ्या मायमोनिडीझ या बाराव्या शतकातील यहुदी पंडितानेही दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सर्वांत खालची पायरी कुरकुरत देण्याची, आणि सर्वांत वरची घेणाऱ्याला आपल्या पायावर उभे करण्याची. त्यासाठी भीक न घालता कर्ज द्यावे, भागीदारी द्यावी, काम द्यावे असे तो म्हणतो. माणसाची मान वाकते कोठे, हा प्रश्न सर्व देशांतील शहाण्यांना सारखाच पडला होता.

आता ग्रंथांतून रस्त्यावर येऊ. होसूरवरून पुढे जाणारा हा रस्ता तमिळ देशात उतरतो, आणि त्या वाटेशी मराठ्यांचा जुना संबंध आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळूर घेतल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्यांचे पुत्र व्यंकोजी येथूनच पुढे तंजावरास गेले आणि तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन झाले. त्या राज्यकर्त्यांनी रामेश्वराच्या यात्रामार्गावर अनेक छत्रे बांधली. छत्र म्हणजे वाटसरूंचे उतरण्याचे आणि जेवण्याचे ठिकाण. १७९९ मध्ये तंजावरचा कारभार कंपनी सरकारकडे गेला, तेव्हा या छत्रांचे काय होणार, ही चिंता दुसऱ्या सरफोजीराजांना लागली. १८०१ मध्ये त्यांनी ब्रिटिश रेसिडेंटास पत्र लिहून छत्रांचे काम कसे चालते ते तपशिलाने कळविले आणि त्यांस धक्का लावू नये अशी विनंती केली.

ते वर्णन शांतपणे वाचण्यासारखे आहे. छत्रात ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या जातींपर्यंत सर्व वाटसरूंना शिजवलेला भात मिळे. शिजवलेले न चालणाऱ्यास कोरडा शिधा मिळे. छत्राला जोडून शिक्षक असत आणि वैद्यही असे. आजारी पडलेल्या वाटसरूला औषध आणि पथ्याचे अन्न देऊन बरा होईपर्यंत आदराने ठेवून घेत. परक्या मुलखातील कोणी मागे पोर ठेवून वारला, तर त्या पोराला शिक्षकाच्या हवाली करीत. त्याला तीन वेळ जेवण मिळे आणि ठरावीक दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालीत. गर्भवतीच्या बाळंतपणाचीही सोय असे. अनाथ पोराला न्हाऊ घालण्यापूर्वी तेल लावावे, ही गोष्ट ज्याने नियमात घातली, त्याच्या मनात दया होती यात शंका नाही. मात्र तिच्यावर त्याने सारे सोपविले नाही. कर्मचाऱ्याला आज दया आली वा न आली, तरी तेलाचा दिवस चुकू नये अशी व्यवस्था त्याने केली.

आणि एक नियम तर अत्यंत हृद्य आहे. मध्यरात्रीपर्यंत जेवणे चालत; मग घंटा वाजवून पुकारा होई, की अद्याप जो जेवला नसेल त्याने येऊन आपल्यासाठी ठेवलेला भात घ्यावा. घंटेचे महत्त्व असे, की येथे मागणारा देणाऱ्याला हाक मारीत नाही. देणारा घेणाऱ्याला हाक मारतो. उशिरा पोहोचलेला, थकून ओसरीवर पडलेला, संकोचाने मागे राहिलेला असा जो कोणी असेल, त्याला ही घंटा मागण्याच्या कष्टातून सोडविते.

याच्या उलट चित्र पुण्यात होते. पर्वतीच्या पायथ्याशी 'रमणा' नावाचे आवार होते. श्रावणात देशोदेशींचे ब्राह्मण तेथे जमत. त्यांना आत कोंडून, दारातून एकेकाला बाहेर सोडताना दक्षिणा हातावर ठेवीत. मूळ हेतू विद्येच्या सन्मानाचा होता. ही प्रथा दाभाड्यांची, ती पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतली आणि वाढविली. पण गर्दी वाढली तशी विद्येची परीक्षा मागे पडली आणि दाराची शिस्त तेवढी उरली. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी ही रक्कम कमी केली, तिच्यातून १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा काढली, आणि १८४९ च्या सुमारास पुण्यातील नव्या विचाराच्या मंडळींनी अर्ज केला, की दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा. शहरात मोठा गहजब झाला. पुढे याच निधीतून दक्षिणा पारितोषिके आणि दक्षिणा फेलोशिपा निघाल्या. तरुण महादेव गोविंद रानडे हे दक्षिणा फेलो होते. पैसा तोच. एका काळी तो घेण्यासाठी माणूस आवारात कोंडून घेई. नंतर तोच घेण्यासाठी तो अभ्यास करू लागला.

घेणाऱ्याच्या हातातही काही द्यावयास असते, हे महाराष्ट्रात सर्वांत चांगले ओळखले ते गाडगे महाराजांनी. गावात शिरले की ते आधी खराट्याने रस्ते झाडीत, आणि मग भाकरी घेत. भाकरी ही मग भीक राहत नसे. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि स्वतः मात्र त्यांपैकी एकीतही घर केले नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत मराठी शिक्षणाची आबाळ होत असताना, १९०८ मध्ये पणजीत 'मुष्टिफंड' नावाची संस्था निघाली. स्वयंपाकाला तांदूळ घेताना गृहिणीने एक मूठ बाजूला काढून ठेवावी आणि त्या मुठी गोळा करून शाळा चालवावी, अशी ती कल्पना. यात दाता कोण आणि याचक कोण? ज्या घरची मूठ, त्याच घरचे मूल शाळेत. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतही मुले काम करून शिकत. फुकट जेवण त्यांना त्या मुलांसाठी अपमानाचे वाटे. 'दय्' धातूचा तो जुना अर्थ, वाटा करणे, मला येथे पुन्हा भेटतो.

स्वातंत्र्यानंतर दानाला कायद्याची चौकट आली. मुंबई राज्यात १९५० मध्ये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा अधिनियम झाला. धर्मादाय हेतू म्हणजे काय, याची त्याने यादी दिली : दारिद्र्यनिवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य, आणि सामान्य जनतेच्या हिताचे अन्य कार्य. या व्याख्येत देणाऱ्याच्या मनाविषयी अवाक्षर नाही, आणि ते योग्यच आहे. मन तपासणारा निरीक्षक नेमता येत नाही. आज महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, असे बंधन १ एप्रिल २०१४ पासून आले. आनेकल तालुक्यासारख्या कारखान्यांच्या मुलखात त्याच्या खुणा दिसतात : शाळेला नवे छप्पर, अंगणवाडीला रंग, आणि भिंतीवर कंपनीचे नाव. नावाची मला फारशी तक्रार नाही. जुने राजेही दानाचे शिलालेख कोरवीत. पण त्या लेखांच्या अखेरीस एक विचार वारंवार येतो, की दान देणे आणि दिलेले दान राखणे यांत राखणे श्रेष्ठ. छपराला गळती लागल्यावर कोण येणार, हे भिंतीवर कोठे लिहिलेले नसते.

याच तालुक्यात सर्जापूरजवळ अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. प्रेमजींनी २०१९ पर्यंत आपल्या कंपनीच्या समभागांच्या उत्पन्नातील ६७ टक्के हिस्सा आपल्या प्रतिष्ठानाकडे वळविला. त्याचे मूल्य त्या वेळी सुमारे १,४५,००० कोटी रुपये सांगितले गेले. आकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु मला त्याहून विचार करण्याजोगे वाटते ते जवळच्या बोम्मसंद्र येथील दुसरे उदाहरण. तेथे डॉ. देवी शेट्टी यांनी या शतकाच्या आरंभी हृदयरोगाचे रुग्णालय काढले. शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने केल्या की एकेकीचा खर्च उतरतो, हे त्यांच्या कामाचे गमक. त्यांच्या प्रेरणेने कर्नाटक सरकारने सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी २००३ मध्ये 'यशस्विनी' योजना सुरू केली. सभासदाने महिन्याला ५ रुपये भरावयाचे; सरकारने त्यात भर घातली. पहिल्याच वर्षी सुमारे १६ लाख लोक तिच्यात आले. २०१८ मध्ये ती दुसऱ्या योजनेत विलीन झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा स्वतंत्रपणे सुरू झाली.

५ रुपयांत हृदयाची शस्त्रक्रिया होत नाही, हे शेतकऱ्यालाही कळते. मग ते घ्यावयाचेच कशाला, असे काही शहाण्यांचे म्हणणे असते. हिशेबाच्या दृष्टीने त्यात तथ्यही आहे. पण ५ रुपये भरलेला शेतकरी रुग्णालयाच्या खिडकीशी येतो तो ओळखपत्र पुढे करून. तो 'माझे काय झाले?' असे विचारू शकतो, उशीर झाला तर आवाज चढवू शकतो. मोफत आलेला माणूस सहसा आवाज चढवीत नाही. तो हात जोडतो. कचेरीत निवृत्तिवेतनाचा अर्ज मंजूर झाला, की वृद्ध बाया हात जोडून उपकार झाले म्हणतात, तेव्हा ते ऐकवत नाही. कायद्याने जे त्यांचे आहे, त्यात उपकार कसला? पण वर्षानुवर्षे सर्व काही वरून पडताना पाहिलेल्या माणसाला हक्क आणि मेहेरबानी यांतील भेद एका शिक्क्याने पटत नाही.

२०२० च्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा या वसाहतींतील कारखाने एका रात्रीत थांबले. ओडिशा, बिहार, बंगाल येथून आलेले कामगार पत्र्याच्या खोल्यांत अडकले. एका मंगल कार्यालयात स्वयंपाक होऊन दुपारी पाकिटे वाटली जात. त्या व्यवस्थेवर देखरेखीचे काम काही दिवस माझ्याकडे होते. एके दिवशी काही मंडळी मदत घेऊन आली. बरोबर फलक होता आणि छायाचित्र काढणारा होता. त्यांची मदत खरी होती, तांदूळ उत्तम होता. रांगेत पहिल्या दहांत उभा असलेला ओडिशाचा एक तरुण छायाचित्रकाराला पाहताच रांग सोडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. खोलीमालकाकडून पत्ता काढून आमचा माणूस गेला, तेव्हा कळले, की त्याने आदल्या दिवसापासून फक्त पाण्यात बिस्किटे भिजवून खाल्ली होती. तो म्हणाला, की गावाकडे दर महिन्याला पैसे पाठवणारा मुलगा म्हणून माझे नाव आहे; हातात पाकीट घेतलेले हे चित्र कोणाच्या फोनवरून गावी पोहोचले, तर आईने कोणाला तोंड दाखवावे?

पाकीट त्याच्या खोलीवर पाठविण्याची व्यवस्था झाली, आणि छायाचित्रणाला त्या आवारात मनाई झाली. तिसऱ्या दिवशी तो स्वतः आला आणि त्याने २० रुपयांची नोट पुढे केली. आमच्या नोंदवहीत नाव, मूळ राज्य आणि पाकिटांची संख्या असे तीन रकाने होते. जमेचा रकाना नव्हता. नोट घेता येईना आणि तो ती मागे घेईना. अखेर स्वयंपाक्याने तोड काढली. भाजी चिरावयास माणसे कमी होती; उद्या सकाळी सहाला ये, म्हणाला. तो आला, आणि मे महिन्यात श्रमिकांच्या रेल्वेगाड्या सुटेपर्यंत रोज येत राहिला. त्याचे नाव पाकिटे घेणाऱ्यांच्या यादीतून काढून स्वयंपाकघराच्या यादीत घालावे लागले, आणि त्या बदलाखाली त्याने आपली सही ओडिया अक्षरांत, चांगली ठसठशीत केली.